साथ आली की जिमला आधी कुलूप का? कोल्हापूरच्या तालमींनी सोसलेल्या दोन वर्षांचा हिशेब

कोल्हापूर : ८ जानेवारी २०२२, शनिवारची रात्र. राज्य सरकारचा आदेश निघाला, सोमवारपासून जिम पूर्ण बंद. रविवारी दुसरा आदेश आला, जिम निम्म्या क्षमतेने सुरू ठेवा, पण लसीचे दोन्ही डोस झालेल्यांनाच आत घ्या आणि व्यायाम करतानाही मास्क लावा. चोवीस तासांत बंदची परवानगी झाली. शनिवारी रात्री सभासदांना ‘जिम बंद’ असा मेसेज पाठवलेल्या जिमचालकांवर रविवारी ‘या, पण मास्क लावून या’ असा दुसरा मेसेज टाकायची वेळ आली.

कोरोनाच्या दोन वर्षांत जिम, व्यायामशाळा आणि तालमी यांच्याबाबत असे कितीतरी आदेश आले. कधी बंद, कधी अर्धं चालू, कधी चारपर्यंत, कधी एसी बंद करून. लोकांनी त्याची टिंगल केली, चालकांनी मोर्चे काढले. पण हे आदेश कोण काढत होतं, कशाच्या जोरावर, आणि जिमच का आधी बंद आणि उशिरा चालू, हे मात्र नीट कुणी समजावून सांगितलं नाही. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न नुसत्या जिमचा नाही. इथे गल्लीगल्लीत तालीम आहे, आणि आदेशातल्या ‘व्यायामशाळा’ या एका शब्दात त्याही अडकल्या.

कुलूप लावायचा अधिकार कुणाचा?

दोन कायदे आहेत. पहिला साथरोग कायदा, १८९७ चा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा इंग्रज सरकारने घाईघाईने केलेला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. साथ रोखायला नेहमीचे कायदे पुरत नाहीत असं वाटलं तर राज्य सरकार लागतील ते तात्पुरते नियम करू शकतं, एवढंच त्याचं सार. कोणती जागा बंद करायची, किती दिवस, भरपाई द्यायची का, यातलं काहीही त्यात लिहिलेलं नाही. दुसरा आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चा. यात देशपातळीवर केंद्र, राज्यात मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालचं प्राधिकरण आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी अशी उतरंड आहे. २०२० ते २०२२ मधले बहुतेक आदेश मुख्य सचिवांच्या सहीने याच कायद्याखाली निघाले.

या उतरंडीतली एक गोष्ट समजली की पुढचा बराच गोंधळ सुटतो. केंद्राने घातलेला नियम राज्याला सैल करता येत नव्हता, पण आवळता येत होता. जिल्ह्याचंही तसंच. म्हणजे दिल्लीने ‘उघडा’ म्हटलं तरी मुंबई ‘थांबा’ म्हणू शकत होती, आणि मुंबईने ‘उघडा’ म्हटल्यावरही जिल्हा थांबवू शकत होता. जिमच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

आदेश मोडला तर तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम १८८ लागायचं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ आलं आहे आणि शिक्षा वाढली आहे. आदेश मोडल्याने लोकांच्या जिवाला धोका झाला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जिमच का?

यामागे कारण होतं, उगाच डूख धरला असं नाही. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करतो. दणकून व्यायाम करताना हीच हवा साठ, ऐंशी, शंभर लिटरवर जाते. म्हणजे एक बाधित माणूस ट्रेडमिलवर पळत असेल तर तो बसलेल्या माणसाच्या दहापट हवा त्या खोलीत सोडतो, आणि शेजारी डंबेल मारणारा तेवढ्याच जोराने ती ओढतो. त्यात खोली बंद, एसी चालू, आणि गाण्याच्या आवाजावर ओरडून बोलणारा ट्रेनर.

दक्षिण कोरियात चेओनान शहरात फेब्रुवारी २०२० मध्ये हे दिसलंच. नाचासारख्या व्यायामाच्या वर्गांमधून २४ दिवसांत १२ ठिकाणी मिळून ११२ जणांना लागण झाली. तिथल्याच एका शिक्षिकेने योगासारखे संथ व्यायामाचे वर्गही घेतले होते. त्या वर्गातल्या कुणाला लागण आढळली नाही. अमेरिकेत शिकागोच्या एका जिममध्ये ऑगस्ट २०२० च्या शेवटी वर्गाला आलेल्या ८१ जणांपैकी ५५ जण बाधित निघाले.

पण या उदाहरणांतून निघणारा धडा ‘व्यायाम म्हणजे धोका’ असा नाही. बंद खोली, दाटी, जोरात श्वास आणि वाऱ्याला वाट नाही, हे चारही एकत्र आले की धोका. खोली उघडी असेल किंवा व्यायाम संथ असेल तर गणित बदलतं. आपल्याकडचे आदेश मात्र दारावरच्या पाटीकडे पाहून निघाले. खिडकी किती, छप्पर काय, माणसं किती, हे विचारायला कुणी आलं नाही.

सात महिने

१३ मार्च २०२० रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी विधिमंडळात मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथल्या जिम, जलतरण तलाव, चित्रपटगृहं बंद करत असल्याचं जाहीर केलं. मुदत होती ३० मार्चपर्यंत, आणि यादीत कोल्हापूर नव्हतं. पुढे दहा-बारा दिवसांत सगळं चित्र पालटलं आणि २५ मार्चपासून अख्खा देशच बंद झाला.

मग हळूहळू एकेक दार उघडू लागलं. राज्यात २८ जूनपासून सलून. ५ ऑगस्टपासून मॉल. त्याच ५ ऑगस्टपासून केंद्राने जिम आणि योग केंद्रांनाही परवानगी दिली. आरोग्य मंत्रालयाने त्याआधी दोन दिवस नियमावलीही काढली : माणशी चार चौरस मीटर जागा, सहा फूट अंतर, एसी २४ ते ३० अंशांवर, ६५ वर्षांवरच्यांनी आणि आजारी माणसांनी येऊ नये, ऑक्सिजन ९५ च्या खाली असेल तर व्यायाम नाही. तालुक्याच्या गावात सहाशे चौरस फुटांची जिम असते. चार चौरस मीटरच्या हिशेबाने तिथे एका वेळी तेराच माणसं. तेरा तर तेरा, चालवू, अशी बहुतेकांची तयारी होती.

महाराष्ट्राने मात्र ती परवानगी उचलली नाही. कर्नाटकने उचलली. त्यामुळे कोगनोळीच्या नाक्यापलीकडे निपाणीत जिम उघडायला मोकळ्या, आणि अलीकडे कागलमध्ये कुलूप. आजार तोच, हवा तीच, मधे फक्त राज्याची हद्द. त्या दिवसांत कागल तालुक्यातल्या पोरांना हे समजावून सांगणं अवघडच होतं.

महाराष्ट्रात रुग्णसंख्या देशात सर्वाधिक होती, हे सरकारचं उत्तर होतं आणि ते खोटं नव्हतं. पण ५ ऑक्टोबरपासून हॉटेलं आणि बार निम्म्या क्षमतेने सुरू झाले, तेव्हा ते उत्तर लंगडं पडलं. बारमध्ये तर मास्क काढल्याशिवाय घोटच जात नाही. ‘दारू प्यायला परवानगी, जोर मारायला बंदी’ हे वाक्य तेव्हा सगळीकडे फिरलं, आणि त्याला नीट उत्तर मिळालं नाही. अखेर १७ ऑक्टोबरला जिमचालकांच्या प्रतिनिधींशी बोलून मुख्यमंत्र्यांनी दसऱ्याचा मुहूर्त दिला. २५ ऑक्टोबर २०२० रोजी राज्यातल्या जिम उघडल्या. झुंबा, सामूहिक वर्ग, स्टीम बाथ बंदच राहिले. लॉकडाऊन लागल्यापासून मोजलं तर बरोबर सात महिने झाले होते.

तालमीचं दुखणं वेगळं

शहरातली जिम बंद पडली की सभासद घरी बसतो. कोल्हापूरच्या तालमीत मात्र पोरं राहतातच. राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा, करवीर इथली, शेजारच्या सांगली-सोलापूरची, मराठवाड्यातली पोरं कोवळ्या वयात वळकटी घेऊन येतात. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा तालमींतून त्यांची वर्षानुवर्षं निघतात. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग आखाड्यात लढत, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, तेव्हापासून हा रिवाज चालत आला आहे.

लॉकडाऊन लागला आणि ही पोरं गावाकडे गेली. आखाड्याची लाल माती रोज उकरावी लागते, पाणी मारावं लागतं, ताक, लिंबू, हळद, तेल घालून ती मऊ ठेवावी लागते. महिनोन् महिने हात लागला नाही तर ती कठीण होते, अंगाला लागते. पैलवानाच्या शरीराचंही तसंच. गावाकडे गेलेल्यांनी शेताच्या बांधावर जोर मारले, उसाच्या सरीत धावले, झाडाला दोर बांधून चढले. ताकद काही प्रमाणात टिकली. डाव टिकत नाहीत. डावाला जोड लागतो, समोर तोलामोलाचा गडी लागतो.

आणि पैसा. तालमीतल्या पैलवानाची कमाई म्हणजे गावोगावच्या यात्रांची मैदानं. माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचा हंगाम, त्यात मिळालेल्या इनामावर वर्षाचा खुराक निघतो. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, अंडी, हे काही रेशनवर मिळत नाही. २०२० मध्ये ऐन हंगामातच कुलूप लागलं. जोतिबाची चैत्र यात्रा झाली नाही, गावच्या यात्रा झाल्या नाहीत, तर मैदान कुठलं भरणार? २०२१ चा हंगामही असाच गेला. खुराक घटला, वजन उतरलं. घरची परिस्थिती बेताची असलेल्यांनी मिळेल त्या मजुरीला हात घातला.

यात एक गोष्ट कबूल करायला हवी. कुस्ती हा अंतर राखून खेळायचा खेळच नाही. छातीला छाती, तोंडाजवळ तोंड, दोघांचा घाम एक. साथीत आखाड्यातली लढत बंद ठेवणं बरोबरच होतं, याबद्दल कुठल्या वस्तादाचंही दुमत नसावं. प्रश्न बाकीच्या मेहनतीचा आहे. जोर, बैठका, मल्लखांब, दोर, मुद्गल हे एकट्याने आणि उघड्यावर करता येतं. गंमत म्हणजे राज्याच्या २९ जुलै २०२० च्या आदेशात ५ ऑगस्टपासून गोल्फ, टेनिस, नेमबाजी यांच्यासोबत मोकळ्यावरच्या मल्लखांबाला परवानगी होती. म्हणजे मैदानात पुरलेला मल्लखांब चालत होता आणि तालमीच्या अंगणातले जोर ‘व्यायामशाळा’ म्हणून बंद होते. गोल्फ आठवला, तालमीचं अंगण आठवलं नाही.

दुसरा मार्गही देशात चालू होता. १ सप्टेंबर २०२० पासून सोनीपतला राष्ट्रीय संघातल्या पैलवानांचं शिबिर सुरू झालं. आल्याबरोबर सगळ्यांची चाचणी, मग विलगीकरण, नंतर मॅटवर. सुरुवातीच्याच चाचणीत दीपक पुनियासह तीन पैलवान बाधित निघाले आणि मॅटवर जाण्याआधीच बाजूला झाले. राहायला एकत्र असलेल्या पोरांची चाचणी करून बाहेरच्यांना दार बंद करायचं, ही पद्धत निवासी तालमीला जशीच्या तशी लागू पडली असती. अर्थात त्यासाठी चाचण्यांचा खर्च कुणीतरी उचलायला हवा होता. सोनीपतला सरकार होतं. इथे तालीम मंडळं लोकवर्गणीवर चालतात.

मदत का पोहोचली नाही?

जिमचालकांचं मोठं ओझं म्हणजे मशिनरीवरचं कर्ज आणि जागेचं भाडं. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली ती ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत. जिम उघडल्या २५ ऑक्टोबरला. मधले जवळजवळ दोन महिने धंदा बंद आणि हप्ता चालू, अशी कात्री होती. शिवाय सवलत म्हणजे माफी नव्हती, त्या काळाचं व्याज चढतच होतं.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचे निर्बंध लावताना राज्य सरकारने ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात परवानाधारक रिक्षाचालक, फेरीवाले, नोंदणीकृत बांधकाम कामगार आणि घरेलू कामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. ट्रेनर नव्हता, वस्ताद नव्हता, पैलवान नव्हता.

याचं कारण आकसापेक्षा कागदात आहे. सरकार पैसे देतं ते यादीवर. रिक्षावाल्याची परवान्याची यादी आहे, बांधकाम कामगाराची मंडळाकडे नोंद आहे. जिम बहुधा दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदलेली असते, किराणा दुकानासारखीच. अनेक तालीम मंडळं धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंदलेली. आणि ट्रेनर? तो महिन्याला हातात पगार घेणारा, कुठल्याच यादीत नसलेला माणूस. कुलूप लावायला यादी लागली नाही, ‘सर्व व्यायामशाळा’ एवढं लिहिलं की झालं. मदत द्यायला मात्र यादी लागते.

दुसरी लाट : कोल्हापूर मागेच राहिलं

५ एप्रिल २०२१ पासून जिम पुन्हा बंद. जूनमध्ये सरकारने नवी पद्धत आणली. बाधित निघण्याचं प्रमाण आणि भरलेले ऑक्सिजन बेड यांवरून जिल्ह्यांचे पाच स्तर केले. पहिल्या वर्षीपेक्षा ही पद्धत शहाणपणाची होती. निदान मोजमाप सगळ्यांना कळत होतं. पण मोजमाप कोल्हापूरला जड गेलं. शंभर चाचण्यांत दहा ते वीस बाधित, किंवा साठ टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन बेड भरलेले, अशा चौथ्या स्तरात जिल्हा गेला. राज्यात इतरत्र लाट ओसरत असताना जून-जुलैत कोल्हापूरचे आकडे खाली येत नव्हते. सीपीआरच्या दारात बेडसाठी रांगा लागल्या असताना जिम उघडा म्हणणं सोपं नव्हतं, हे चालकही जाणून होते.

तिसऱ्या स्तराचा नियमही बघण्यासारखा होता. जिम निम्म्या क्षमतेने, वेळ ठरवून, एसी बंद ठेवून, दुपारी चारपर्यंत. जिमला माणूस येतो पहाटे, नाहीतर काम सुटल्यावर संध्याकाळी. चारला शटर ओढायचं म्हणजे संध्याकाळची सगळी बॅच गेली. आणि माणसं तेवढीच, वेळ कमी, म्हणजे सकाळी गर्दी उलट वाढणार. हवा खेळती राहावी म्हणून एसी बंद करायला लावणाऱ्या नियमाने गर्दी पांगवण्याचा साधा उपाय, म्हणजे जास्त तास उघडं ठेवणं, स्वतःच काढून घेतला.

ऑगस्टच्या सुरुवातीला राज्याने २२ जिल्ह्यांना मोकळीक दिली, तिथे जिम रात्री आठपर्यंत सुरू झाल्या. मागे ठेवलेल्या ११ जिल्ह्यांत कोल्हापूर होतं. त्याच्या आठवडाभर आधी पंचगंगेच्या महापुराने शहराला आणि शिरोळ, करवीरच्या गावांना वेढलं होतं. १५ ऑगस्टपासून राज्यभर रात्री दहापर्यंत, निम्म्या क्षमतेने परवानगी मिळाली, तेव्हा कुठे इथल्या जिमला पूर्ण दिवस मिळाला.

मास्क लावून बैठका

मग जानेवारी २०२२ चा तो शनिवार-रविवार. तोवर लस आली होती, साथ हवेतून पसरते हे जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केलं होतं. तरी पहिला हात पुन्हा कुलपाकडेच गेला. दुसऱ्या दिवशी दिलेल्या परवानगीत व्यायाम करताना मास्कची सक्ती होती. केंद्राच्या ऑगस्ट २०२० च्या नियमावलीत मात्र व्यायाम करताना मास्कने, विशेषतः एन-९५ ने, श्वासाला त्रास होऊ शकतो असं स्पष्ट लिहिलं होतं. दोन सरकारी कागद, दोन तऱ्हा. प्रत्यक्षात मास्क हनुवटीवर घेऊन व्यायाम चालला, हे जिमला जाणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. खिडक्या किती उघड्या आहेत हे त्याच्यापेक्षा महत्त्वाचं होतं.

एप्रिल २०२२ मध्ये, गुढीपाडव्याच्या तोंडावर, राज्याने सगळे निर्बंध उठवले. १८९७ चा कायदा आणि २००५ चा कायदा दोन्ही आजही लागू आहेत. ‘व्यायामशाळा’ या शब्दात काय येतं आणि काय येत नाही, याची व्याख्या दोन्हींत नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडा जिल्हाधिकाऱ्यांकडे तयार होतो आणि दरवर्षी त्याचा आढावा घ्यायचा असतो. बंदिस्त एसी जिम, खिडक्यांचा हॉल, उघडी तालीम आणि निवासी आखाडा असे चार वेगळे प्रकार त्यात आधीच लिहून ठेवता येतील. तालीम मंडळांनी आणि जिमचालकांनी आपल्या जागेचं क्षेत्रफळ, खिडक्या, ट्रेनरची आणि राहणाऱ्या पोरांची नावं यांची नोंद प्रशासनाला लेखी देऊन पोच घेतली, तर पुढच्या वेळी यादी नाही ही सबब उरणार नाही.

जानेवारी २०२० मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरीनंतर पुढची स्पर्धा व्हायला एप्रिल २०२२ उजाडला. साताऱ्यातल्या त्या मैदानात पन्हाळा तालुक्यातल्या देवठाणेच्या पृथ्वीराज पाटीलने गदा जिंकली, कोल्हापूरकडे ती दोन दशकांनी आली. शहरात मिरवणूक निघाली, गुलाल उधळला. सतरा वर्षांखालच्या गटात खेळायची ज्यांची दोन-तीन वर्षं होती आणि त्यातली दोन कुलपात गेली, ती पोरं तोवर वयाने त्या गटाबाहेर गेली होती.